पावसाळ्यात वाळवीकडे दुर्लक्ष नको

मृगाचे पहिले पाऊस झाले, की संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे घोंगावतात आणि सकाळी पडवीत पंखांचा केर पडलेला असतो. आपण तो झाडून टाकतो. पण ही वाळवीच असते. पंख गाळून तिच्या जोड्या नवी वस्ती करायला निघालेल्या असतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या माजघराच्या भिंतीवर पेन्सिलीएवढी जाड मातीची रेघ दिसली. ओल असेल म्हणून सोडून दिली. गणपतीत फडताळ उघडलं, तर आजोबांच्या हातच्या जमाखर्चाच्या वह्यांचा भुगा हाती आला. पुठ्ठे तेवढे शाबूत होते. फार वाईट वाटलं.

वाळवीला उजेड आणि कोरडी हवा सोसत नाही, म्हणून ती मातीच्या नळीतून चालते. नुसती नळी मोडून भागत नाही, ती पुन्हा बांधते. खरं दुखणं ओलीत आहे. गळकी कौलं वेळेत परतावीत, भिंतीला टेकवलेला लाकूडफाटा हलवावा, कपाटं वीतभर पुढे ओढावीत.

गावोगावच्या वाचनालयांत जुनी पुस्तकं भिंतीलगतच पावसाळा काढतात. ग्रामपंचायतींनी मे महिन्यातच तिथल्या कपाटांची पाहणी करावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, रत्नागिरी