समेवर लाल

वडगाव, बेळगाव
आषाढ, रविवार दुपार

ती. बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं दादाच्या टीव्हीत जातं, म्हणून पत्र. आई, मोठ्यानं वाच आणि मधली ओळ गाळू नकोस. बाबा, ती गाळतेय असं वाटलं तर मागच्या परिच्छेदापासून पुन्हा वाचायला लावा.

घर ठीक आहे. मागच्या पडवीत एका जागी गळतंय, तिथं बादली ठेवलीय. कौलवाला पाऊस उघडला की येतो म्हणतोय. म्हणजे गणपतीनंतर.

बाबा, तुम्ही दोनदा विचारलंत, "गाण्यावरनं कापड म्हणजे नेमकं काय करायलीस गे?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, कारण मलाच कळलं नव्हतं. बेंगळुरूच्या एका दुकानाला दिवाळीच्या आत शास्त्रीय संगीतावर बेतलेल्या साड्या आणि दुपट्टे हवे आहेत. त्यांनी नमुनाही पाठवला होता: कॉम्प्युटरवर आलाप लावायचा, आवाजाची जी वरखाली रेघ उमटते ती पदरावर छापायची. मीही हौसेनं भीमपलास लावून तशी रेघ काढली आणि आईला फोटो पाठवला. आई, तुझं उत्तर आठवतंय? "बाबांचा ईसीजी मला कशाला पाठवलास?" तो कागद मी त्याच दिवशी फाडला.

मग रंगांच्या मागे लागले. मारव्याला भगवा, भैरवाला पहाटेचा राखाडी, असली यादी केली. पण मारवा भगवाच का? संध्याकाळी गातात म्हणून? रागमालेच्या जुन्या चित्रांतसुद्धा एकाच रागाला प्रत्येक चित्रकारानं वेगळे रंग दिलेत. असं काहीही कशालाही चिकटवता येतं. आणि मग गिऱ्हाइकाला साडीबरोबर चिठ्ठी द्यावी लागते, की बाई, हा अमुक राग आहे. चिठ्ठी हरवली की राग संपला.

तिसरी फजिती शेजारच्या काकांच्या हातमागावर झाली. देस रागात चढताना शुद्ध निषाद लागतो, उतरताना कोमल. मला वाटलं, किती सोपं! धोटा आडवं सूत घेऊन जाताना एका रंगाचा बाणा, येताना दुसऱ्या. काकांनी सगळं ऐकून घेतलं, तपकीर ओढली आणि म्हणाले, "धोटा गेला तसाच परत येतोय की. आत कांडी एकच. जाताना शुद्ध आन येताना कोमल कसा हुईल गे?" मी दोन धोटे घ्या म्हटलं. त्यांनी दोन घेऊन दाखवले. पहिला डावीकडून उजवीकडे गेला, दुसरा उजवीकडून डावीकडे आला. आता पहिला पडला उजवीकडे आणि त्यालाच पुन्हा जायचंय. म्हणजे दुसऱ्याच फेरीत चढतीचा रंग उतरतीला. अठरा वर्षं मागाशेजारी झोपले मी, आणि हे मला कळू नये! बाबा, हसू नका.

त्या रात्री वीज गेली. सगळ्या गल्लीतले यंत्रमाग एकदम थांबले, तुम्हाला माहीतच आहे ती शांतता कशी कानात भरते. काकांचा हातमाग तेवढा चालू होता, बॅटरीच्या उजेडात. आवाज ऐकता ऐकता मी झोपेतच मोजायला लागले. धोटा गेला, आला, एक. गेला, आला, दोन. तुम्ही असेच मोजायचात, ओठांतल्या ओठांत. भजनाच्या आदल्या दिवशी तर आकड्यांऐवजी बोलच म्हणायचात आणि आई आतून ओरडायची, "ओ, कापड विणा, तबला नको!"

सकाळी उठून हिशेब मांडला. धोटा जाऊन आला की एक मात्रा, म्हणजे दोन बाणे. काठ डॉबीवर, म्हणजे नक्षी उचलणाऱ्या यंत्रावर, तीनतालाचा, 16 मात्रांचे 32 बाणे. अंगात झपताल, 10 मात्रांचे 20 बाणे, हातानं धोटे बदलत: दोन, तीन, दोन, तीन. सहाव्या मात्रेला 'खाली' येते, तालातली टाळी नसलेली जागा, तिथं रंग काढून घेतला, नुसतं पांढरं सूत. काठ त्याच्या चालीनं चालतो, अंग आपल्या चालीनं, आणि दोघं समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पुन्हा भेटतात 160 बाणे झाल्यावर. काठाची पाच आवर्तनं, अंगाची आठ. आपण इंचाला 64 बाणे धरतो, म्हणजे बरोबर अडीच इंचांवर. तिथं एक लाल बाणा टाकला. चिठ्ठी लागत नाही. ज्याला तालाचं काही कळत नाही तोसुद्धा बोट फिरवत जातो आणि लालवर थांबतो. काकूंवर करून बघितलंय.

पहिलं वारभर कापड मात्र वाया गेलं. मध्येच लाल बाणा काठाच्या नक्षीशी जुळेना. दोन बाण्यांचा फरक, पण एकदा दिसला की दुसरं काही दिसतच नाही. कांडी बदलताना घोळ झाला होता. मी मराठीत मोजत होते, काका कन्नडमध्ये, "ओंदु, एरडु, मूरु", आणि तिसऱ्यावर दोघंही एकमेकांसाठी थांबलो. तेव्हापासून दोघंही "धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना" म्हणतो. काकांना बोल आवडलेत. परवा वाण्याकडे उभे राहून तेच पुटपुटत होते.

मिरजेला जाऊन आले. तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत एकजण तारेचा नाद उघडणारी जवारी लावत होता. तार छेडली तर आवाज बंद, मुका. मग घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवला, किंचित मागे, किंचित पुढे, आणि एका जागी तार जी काही उघडली! बाबा, साधा दोरा हो, आपल्या मागाखाली झाडून टाकतो तसला. त्यावरून दुपट्ट्याची किनार केलीय. तंबोऱ्याच्या चार तारांच्या चार रेघा: पहिली वेगळ्या रंगाची, तो पंचम. मग जोडाच्या दोन अगदी सारख्या. शेवटची जाड, खर्जाची. बाकी दुपट्टा कोरा.

येताना गाडी सुळेभावीला थांबली. तुम्ही खिडकीतून हात जोडता ना, कुमारांचा गाव म्हणून, ते आठवून मीही जोडले. समोरची कॉलेजातली मुलगी बघायला लागली. तिला सांगितलं, कुमार गंधर्व 1924 साली या गावात जन्मले. ती रोज या गाडीनं बेळगावला येते, तिला ठाऊक नव्हतं. तिच्या आजोबांचे माग आहेत म्हणे. पत्ता घेतलाय.

आता मुख्य गोष्ट, आणि ही आईसाठी.

पदर अडला होता. अंग जमलं, काठ जमला, पदरात काय करावं सुचेना. आपली कपाटं आवरताना तुझ्या लग्नातल्या इरकलीचा फोटो सापडला, तू मंडपात पाठमोरी आहेस तो. पदरात तीन लाल पट्टे, मध्ये दोन पांढरे. आई, ही तिहाई आहे! बाबांना विचार. एकच तुकडा तीनदा आणि मध्ये दोनदा दम. "तिट कत गदि गन धा", पाच मात्रा. एक मात्रा गप्प. पुन्हा पाच, पुन्हा एक गप्प, पुन्हा पाच. 17 होतात, म्हणजे तीनतालात समेवरून उठलं की शेवटचा धा पुढच्या समेवर. इरकलच्या विणकरांनी तबला ऐकून पदर केला असं माझं म्हणणं नाही. डोळ्यालाही तीनदा बघितल्याशिवाय पटत नसेल, इतकंच. पण मी चार महिने बेंगळुरूच्या फाइली चाळत होते आणि ही साडी नेसून तू मला शाळेत सोडायला यायचीस.

पदर मी तसाच करणार आहे, इरकलीच्या रीतीनं: पदराचा ताणा, म्हणजे उभं सूत, वेगळा आणि अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला. त्यात प्रत्येक साडीचा ताणा वेगळा लावावा लागतो, थान विणून मग कापता येत नाही. काका कुरकुरले, महाग पडेल म्हणाले. पडू दे. टोकाकडून विणत यायचं, तीन तुकडे, आणि शेवटचा धा बरोबर फाशांवर. तिथून अंगातला झपताल सुरू. बाबा, तिहाई तीनतालात आणि पुढं झपताल, हे तुम्हाला खटकणार, माहीत आहे. मलाही खटकतंय. भजनात असं केलं असतंत का? खरं सांगा, लेकीची बाजू घेऊ नका. झपतालातच बसणारी तिहाई सुचली तर दादाला सांगून मेसेजवर कळवा, रविवारपर्यंत ताणा लावायचा थांबवते.

आणि आई, ती इरकल तू पुण्याला नेली आहेस ना? हिरव्या पेटीत असेल. फोटोत मापं कळत नाहीत. लाल पट्टा किती बोटं आणि पांढरा किती बोटं, एवढं बघून सांग. पट्टीनं नको, तुझ्या बोटांनी मोज, इथं काकू तुझ्याच मापाची बोटं लावून बघतील. इस्त्री करू नकोस, घडीवर विरलीय ती. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की कळवा, मी आदल्या दिवशी येईन.

तुमची,
धाकटी

ता. क. कुंद्याचा डबा सोबत आहे. बाबांनी एकच चमचा खायचा. ही ओळ आई मोठ्यानं वाचेल, मला खात्री आहे.