पतसंस्थेच्या सर्व्हरला ईसीसी मेमरीच हवी

महोदय,
इंदूरच्या आमच्या पतसंस्थेत नवा सर्व्हर येतोय. पैसे वाचवायला ईसीसी, म्हणजे साठवलेल्या माहितीतली चूक ओळखून सुधारणारी मेमरी न घेता साधी मेमरी घ्यावी, असे काही संचालक म्हणतात. मी तिथे हिशेब तपासतो. माझा याला ठाम विरोध आहे. २००३ साली बेल्जियममधील निवडणुकीत मतदानयंत्राने एका उमेदवाराला ४०९६ मते जास्त दाखवली. मेमरीतला एक बिट, म्हणजे ० किंवा १ असा एक अंक, उलटला असावा, असा निष्कर्ष निघाला. मते शक्य आकड्यापलीकडे गेली म्हणून चूक सापडली. ठेवीची रक्कम अशी बदलली तर कोणाला कळणार? ईसीसी मेमरी ६४ बिटांमागे सहसा ८ जादा बिट ठेवून एका बिटाची चूक तिथेच सुधारते, दोन बिटांची निदान लक्षात आणून देते. बॅकअप मात्र चुकलेला आकडाच जपेल. सभासदांनी येत्या सभेत हे जरूर विचारावे.
– एक हिशेब तपासनीस, रामबाग, इंदूर