टाकीखालच्या आग्या मोहोळाबाबत सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

दिनांक : 3 मार्च 2025

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, जालना.

विषय : ब इमारतीच्या पाण्याच्या टाकीखालील आग्या मोहोळ, मीटरच्या खोलीतील गांधीलमाश्यांची पोळी आणि त्यांवर औषध मारण्याच्या ठरावाबाबत.

महोदय,

आवारातील सर्व मोहोळे आणि पोळी औषध फवारून, आणि तेवढ्याने न भागल्यास टेंभा लावून, काढून टाकावीत असा ठराव समितीने नुकत्याच झालेल्या सभेत मंजूर केला असून त्याची सूचना जिन्याजवळच्या फलकावर लागली आहे. टाकीखालचे मोहोळ तेथे राहू नये, याबद्दल माझे आणि समितीचे मत एकच आहे. खाली मुले खेळतात, वर पाण्याचा व्हॉल्व्ह सोडायला माणसाला रोज चढावे लागते, आणि अशा ठिकाणी लटकलेल्या मोहोळाशी जमवून घ्या असे मी कोणालाही सांगणार नाही. माझी हरकत आहे ती ठरावात सांगितलेल्या पद्धतीला आणि त्यातल्या घाईला, तसेच चार वेगवेगळ्या कीटकांना एकाच औषधाच्या पंपाने आवरण्याच्या कल्पनेला. कृषी खात्यातील नोकरीत या माश्यांशी माझा बराच संबंध आला असल्यामुळे हे लेखी कळवणे मला आवश्यक वाटते.

प्रथम टाकीखालच्या मोहोळाविषयी. ते आग्या माश्यांचे आहे. ही माशी आपल्याकडील मधमाश्यांत आकाराने सर्वांत मोठी असून ती पेटीत किंवा ढोलीत राहत नाही. उंच कडा, मोठे झाड, पूल, पाण्याची टाकी अशा उंच जागी ती उघड्यावर एकच मोठे पोळे लटकवते. या पोळ्याची रुंदी मीटरभर, कधी त्याहूनही अधिक भरते आणि एका वसाहतीत 50,000 किंवा त्याहून जास्त माश्या असू शकतात. खालून आपल्याला जो काळसर थर हलताना दिसतो ते पोळे नव्हे, तर पोळ्यावर एकमेकींना धरून बसलेल्या माश्यांचे पांघरूण आहे. एखादा पक्षी किंवा गांधीलमाशी जवळ आली की या थरावरून जी लहर सरकताना दिसते तो त्यांचा इशारा असतो. अजिंठ्याला गेलेल्यांनी कड्यांना लटकलेली अशी मोहोळे पाहिली असतील. आपल्या चार मजली इमारतीवरची टाकी या माशीच्या हिशेबी कड्याचाच एक तुकडा आहे.

आता औषध किंवा टेंभा यांमुळे काय होईल, हे क्रमाने पाहावे. डिवचलेली माशी नांगी मारते तेव्हा नांगीबरोबर एक वास बाहेर पडतो, पिकलेल्या केळ्यासारखा, आणि त्या वासाने इतर माश्यांना तेथेच हल्ला करण्याची सूचना मिळते. फवारणीने सगळ्या माश्या एका क्षणात मरत नाहीत. ज्या वाचतात, आणि ज्या चरायला बाहेर गेलेल्या असतात, त्या परत आल्यावर समोर दिसेल त्याच्यावर तुटून पडतात. आग्या माशी माणसाचा पाठलाग काहीशे मीटरपर्यंत करू शकते. म्हणजे औषध मारणारा माणूस अंगभर जाड कपडे घालून सुरक्षित राहील, पण त्याच वेळी गल्लीतून जाणारा भाजीवाला, रिक्षातून उतरणारी मुले आणि शेजारच्या इमारतीतील म्हातारी माणसे यांना काहीच कल्पना नसेल. ठेकेदाराने स्वस्तात दिलेल्या दरपत्रकात या धोक्याचा हिशेब कोठेही नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. मोहोळ टाकीच्या तळाला आहे आणि टाकीचे झाकण गेल्या पावसाळ्यापासून तडकलेले आहे, हे समितीला माहीत आहेच. पंपाने उडवलेले कीटकनाशक वाऱ्याबरोबर कोठे जाईल याची हमी कोणीही देणार नाही, आणि तेच पाणी आपण सगळे पितो. शिवाय गच्चीवर आता कुरडया, पापड आणि शेवयांचे वाळवण सुरू होईल. मेलेल्या माश्या त्याच गच्चीवर पडतील, आणि मेलेल्या माशीची नांगीसुद्धा अनवाणी पायात रुतू शकते. पोळे तसेच राहिले तर त्यातील मध आणि मेण उन्हाळ्याच्या तापात वितळून भिंतीवरून ओघळेल आणि त्यावर मुंग्या, झुरळे आणि उंदीर येतील. फवारलेल्या पोळ्यातला मध कोणी घरी नेऊन खाल्ला तर तो विषच खाईल. हेही सांगितले पाहिजे, कारण असा मध बाटलीत भरून ‘रानचा मध’ म्हणून विकणारे लोक असतात.

टेंभ्याबद्दल फार लिहीत नाही. ज्या गच्चीवर सौर बंबाचे पाइप, केबलच्या तारा आणि प्लास्टिकच्या टाक्या आहेत, तेथे आग नेणे हेच मुळात गैर आहे.

मग काय करावे? हे काम रात्री, अंधारात आणि धुराने करायचे असते. धुराने माश्यांच्या इशाऱ्याचा वास दबतो आणि त्या पोटभर मध घेऊन जागा सोडण्याच्या तयारीला लागतात, त्यामुळे जाणकार माणूस त्यांना फारसे न मारता पोळे कापून उतरवू शकतो. मात्र आग्या माशी चांदण्या रात्रीही उडते, आणि अंधारात दिवा दिसला तर सरळ दिव्यावर झेपावते. म्हणून तिथीचा विचार करावा लागतो. येत्या 13 तारखेला होळी आहे, म्हणजे सध्या शुक्ल पक्ष चालू असून चांदणे रोज वाढत जाणार आहे. ठरावाप्रमाणे याच आठवड्यात काम उरकण्याऐवजी ते होळीनंतरच्या कृष्ण पक्षात, चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो त्या रात्रींत, साधारणपणे 22 मार्चनंतर ठेवावे, अशी माझी विनंती आहे. तोपर्यंत दहावीची परीक्षाही संपलेली असेल आणि गच्चीवर अभ्यासाला बसणारी मुले खाली आलेली असतील. त्या रात्री ब इमारतीच्या गच्चीवरील आणि जिन्यातील दिवे बंद ठेवावेत, सर्व सभासदांना आदल्या दिवशी घरोघरी जाऊन सांगावे, खिडक्या संध्याकाळीच लावून घ्याव्यात आणि शेजारच्या दोन्ही सोसायट्यांनाही कळवावे.

होळीचा उल्लेख आला म्हणून येथेच लिहितो. दरवर्षी आपण होळी ब इमारतीसमोर पेटवतो, म्हणजे यंदा ती बरोबर मोहोळाखाली येईल. धूर योग्य हातात असेल तर उपयोगी पडतो, पण ज्वाळा, ढोल आणि फटाके यांच्याबरोबर वर गेलेला धूर हा मोहोळ उठवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. यंदा होळी प्रवेशद्वाराबाहेरच्या मोकळ्या जागेत पेटवावी, आणि ही गोष्ट मोहोळाचा निर्णय काहीही होवो, आजच ठरवावी.

काम कोणाकडून करून घ्यायचे, हा प्रश्न समितीला पडेल. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळ मध केंद्र योजना चालवते आणि त्यांचे जिल्हा कार्यालय आहे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करता येईल. या दोन ठिकाणांहून प्रशिक्षित मध काढणाऱ्यांची नावे मिळण्याची शक्यता जास्त आहे. दरपत्रक त्यांच्याकडून घ्यावे आणि पोळे काढल्यावर त्या जागेवरचे मेण खरवडून, जागा धुऊन, तेथे रंगाचा हात देण्याचे काम त्याच करारात लिहून घ्यावे. हे शेवटचे काम सगळे विसरतात. आग्या माश्या जुन्या जागी वर्षानुवर्षे परत येतात आणि मेणाचा वास शिल्लक असेल तर आपणच त्यांना पुढच्या हंगामाचे आमंत्रण दिल्यासारखे होईल.

समितीतील काही सदस्यांना हा सगळा माश्यांचा लाड वाटेल. जालन्यात हा लाड परवडणारा आहे. आपल्या सोसायटीत बियाण्यांच्या कंपन्यांत काम करणारी कुटुंबे बरीच आहेत आणि कांद्याच्या बीजोत्पादनाचे गणित त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे. याच दिवसांत कांद्याचे डेंगळे फुलतात, आणि त्या फुलांवर मधमाशी आली नाही तर गोंड्यात बी भरत नाही. ज्यांनी फुलोऱ्यात बेसुमार फवारण्या केल्या त्यांच्या शेतातून माश्या निघून गेल्या, हे आपल्या भागातील शेतकरी स्वतः सांगतात. करडई आणि सूर्यफूल यांनाही माश्यांमुळे दाणा चांगला भरतो. आग्या माशी चारा गोळा करायला कित्येक किलोमीटर जाते, त्यामुळे आपल्या टाकीवरची माशी शहराबाहेरच्या कोणत्या तरी शेतात काम करत असणार. तिला हलवणे वेगळे आणि जाळणे वेगळे.

गांधीलमाश्यांचा प्रश्न याहून वेगळा आणि एका अर्थाने सोपा आहे. मीटरच्या खोलीत आणि दोन-तीन गॅलऱ्यांच्या छज्ज्यांखाली त्यांची कागदासारखी पोळी आहेत. लाकडाचा भुसा चावून त्या हा कागद तयार करतात. मधमाशीची नांगी आकड्यासारखी असल्यामुळे ती माणसाच्या कातडीत अडकते आणि माशी मरते. गांधीलमाशीचे तसे नसते, ती पुन्हा पुन्हा डसू शकते. म्हणून मीटरच्या खोलीतील पोळे काढलेच पाहिजे, कारण तेथे हात घालणाऱ्या माणसाला पळायला जागा नाही. मात्र चालू मीटरवर पाण्यातले औषध फवारणे म्हणजे विजेचा धक्का ओढवून घेणे आहे. मुख्य बटण बंद करून, अंधार पडल्यावर, इलेक्ट्रिशियन हजर असतानाच हे काम व्हावे. गॅलरीतील पोळे लहान असताना, सुरुवातीला एखादीच माशी ते बांधत असते तेव्हाच, रात्री लांब काठीने पाडून टाकता येते. मोठ्या पोळ्याला कोणीही शिडीवर चढून हात लावू नये. ड्रेनेजच्या डक्टमध्ये किंवा भिंतीच्या भोकात माश्या ये-जा करताना दिसल्या तर ते भोक सिमेंटने बुजवू नये, कारण आत कोंडलेल्या माश्या दुसरी वाट शोधतात आणि ती वाट बहुधा कोणाच्या तरी न्हाणीघरात निघते. याच गांधीलमाश्या झाडांवरच्या अळ्या उचलून नेतात, म्हणून कुंपणाच्या कोपऱ्यात कोणाच्या वाटेत न येणारे पोळे असेल तर ते मी स्वतः राहू देईन.

खिडक्यांच्या कोपऱ्यांत मातीची घरे करणाऱ्या कुंभारीण माशीवर एक रुपयाही खर्च करू नये. ती एकटी राहते, सहसा डसत नाही आणि तिचे मातीचे घर रिकामे झाले की खरवडून काढता येते. मागच्या कडुनिंबावर कधी कधी लहान मधमाश्यांचा जो घोस येऊन बसतो तो नव्या घराच्या शोधात निघालेला थवा असतो. राखायला पोळे नसल्यामुळे तो शांत असतो आणि काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत आपोआप निघून जातो. त्यावर पाणी मारणे किंवा दगड मारणे एवढेच टाळायचे आहे.

उन्हाळ्यातील कूलरचा त्रास सर्वांना आहे. माश्या आपल्यावर रागावून कूलरवर येत नाहीत. पोळे थंड ठेवण्यासाठी त्यांना पाणी लागते, आणि एकदा एखादी जागा सापडली की त्या रोज तेथेच येतात. म्हणून कूलर लागण्याआधी, म्हणजे याच महिन्यात, मागच्या कुंपणाजवळ खडे घातलेली दोन पसरट भांडी पाण्याने भरून ठेवावीत, ती कधीही कोरडी पडू देऊ नयेत, आणि टाकीच्या ठिबकणाऱ्या नळ्या दुरुस्त कराव्यात. कूलरच्या बाजूंना बारीक जाळी लावावी. पाण्याचा टँकर मागवावा लागणाऱ्या शहरात नळ गळू देणे तसेही शोभत नाही.

उपचारांविषयीची माहिती फलकावर लावावी, अशी विनंती आहे, कारण आपल्याकडे अजूनही चुना, रॉकेल आणि लोखंड घासणे हेच उपाय आधी आठवतात. मोहोळ उठले तर हात न झटकता, तोंड आणि डोके कपड्याने झाकून, सरळ जवळच्या घरात किंवा गाडीत शिरावे आणि दार लावावे. खाली बसू नये, पाण्यात उडी मारू नये. मधमाशीची नांगी रुतली असेल तर नखाने किंवा हाताला येईल त्याने ताबडतोब काढावी, कारण तिच्याबरोबर तुटलेली विषाची पिशवी पुढे काही क्षण विष ढकलत राहते. ती कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली याला महत्त्व आहे. जागा साबणाने धुऊन बर्फ लावावा आणि सूज येण्याआधी बोटांतील अंगठ्या काढाव्यात. अंगभर गांध्या उठणे, ओठ किंवा जीभ सुजणे, श्वास लागणे, भोवळ किंवा उलटी यांपैकी काही दिसले तर एकाच माशीचा डंख असला तरी वेळ न घालवता 108 ला फोन करून रुग्णालय गाठावे. पुष्कळ माश्या चावल्या असतील तर माणूस बरा दिसत असला तरी त्याला दाखवावे, कारण एवढ्या विषाचा परिणाम मूत्रपिंडावर पुढच्या काही दिवसांतही होऊ शकतो. ज्यांना डंखाची तीव्र ॲलर्जी आहे अशा सभासदांनी ते समितीला आधीच कळवावे.

इमारतीच्या बाहेरच्या भिंती, गच्ची, टाकी आणि मीटरची खोली या सामाईक जागा असल्यामुळे हा खर्च समितीने सामाईक निधीतून करावा. तो ब इमारतीतील सभासदांवर टाकू नये. सध्याचा ठराव स्थगित करून हा विषय होळीपूर्वी बोलावलेल्या सभेत पुन्हा घ्यावा, आणि तोपर्यंत टाकीच्या शिडीला कुलूप लावून व्हॉल्व्ह सोडण्याचे काम अंधार पडण्याआधी पण ऊन उतरल्यावर, डोके झाकून आणि अंगाला अत्तर न लावता करण्याची सूचना पाणी सोडणाऱ्या कामगाराला द्यावी. प्रशिक्षित माणसांशी बोलणी करण्यासाठी आणि काम होईल त्या रात्री हजर राहण्यासाठी मी तयार आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
सभासद, ब इमारत, तिसरा मजला

प्रत माहितीसाठी : सचिव व खजिनदार.