जायांचा वास आणि बांबोळीचे रक्तनमुने

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बाबा म्हार्दोळला जायांच्या, म्हणजे जाईच्या फुलांच्या, फाती (गजरे) ओवायचे. एका श्रावणात ते म्हणाले, "यंदाच्या जायांना वास कसा नाही रे?" वय झाले, असे म्हणून आम्ही सोडून दिले. पुढे काही वर्षांनी बोटे जड झाली, हात थरथरू लागला आणि पार्किन्सनचे निदान झाले. वास जाणे ही या आजाराची फार आधीची खूण असू शकते, हे तेव्हा कळले. हात थरथरू लागेपर्यंत मेंदूतल्या डोपामिन (हालचालींसाठी लागणारे रसायन) बनवणाऱ्या पेशींचा मोठा भाग गेलेला असतो.

मूलपेशींवरची, म्हणजे शरीरातल्या इतर पेशी बनू शकणाऱ्या पेशींवरची, बातमी आपल्या अंकात आल्यावर ओळखीच्या दोघांनी मला विचारले, "ते मूलपेशींचे इंजेक्शन कुठे मिळते?" म्हणून हे पत्र. पार्किन्सनवर असे इंजेक्शन ही आपल्याकडे मान्य उपचारपद्धती नाही. कोणी विकत असेल तर कृपा करून पैसे घालवू नका.

या पेशींचा आजचा मोठा उपयोग वेगळा आहे. क्योतोच्या शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी चार जनुके घालून भ्रूणपेशींसारख्या केल्या. 2012 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्याआधीच, 2008 मध्ये, एएलएस (चेतापेशी मरत जाऊन स्नायू दुबळे होण्याचा आजार) झालेल्या 82 वर्षांच्या बाईच्या त्वचेपासून अमेरिकेत चेतापेशी तयार झाल्या होत्या. जिवंत माणसाचा मेंदू उघडून बघता येत नाही. पण त्याचीच जनुके असलेल्या चेतापेशी बशीत वाढवून बिघाड कुठून सुरू होतो ते बघता येते, औषधे तपासता येतात. पार्किन्सनचे जुने औषध रोपिनिरोल एएलएसवर करून पाहावे, हे जपानमध्ये अशाच पेशींवरून सुचले. अडचणही आहे. या प्रक्रियेत पेशीचे वय पुसले जाते, आणि म्हातारपणाचा आजार कोवळ्या पेशीत सहज दिसत नाही.

बंगळुरूला निम्हान्स (मनोविकार व मेंदूविकारांची संस्था) आणि इनस्टेम (मूलपेशींवर संशोधन करणारी संस्था) येथे मानसिक आजार असलेल्या भारतीय कुटुंबांच्या अशा पेशी तयार केल्या आहेत. थोडे रक्तही त्यासाठी पुरते. मग बांबोळीला, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), पार्किन्सनच्या रुग्णांची संमती घेऊन रक्ताचे नमुने अशा संस्थांकडे पाठवण्याची सोय का होऊ नये? आरोग्य खात्याला हा प्रश्न आपण विचारावा. बाबांची तयारी आहे, माझीही.

आपला,
एक वाचक, म्हार्दोळ