पावतीविना लागलेली क्रमवारी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जगातील पन्नास सर्वोत्कृष्ट रेस्टॉरंटांची यादी दरवर्षी जाहीर होते आणि तिची बातमी ‘जगात अव्वल’ अशा मथळ्याखाली आपल्याकडेही छापली जाते. २०२५ साली हा मान पेरूतील लिमा शहराच्या ‘माइदो’ला मिळाला. आमच्या गावची मिसळ या यादीत का नाही, ही माझी तक्रार नाही. ही क्रमवारी लागते कशी, हे त्या बातमीत कधीच नसते, ही आहे.

माझी सारी नोकरी बँकेच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागात झाली. व्हाउचर नसलेली नोंद दिसली की पेन आपोआप थांबते, आणि ही यादी वाचताना माझे तसेच होते. २०२४च्या यादीसाठी जगाचे २७ विभाग पाडून प्रत्येकी ४० याप्रमाणे १,०८० मतदार होते. त्यांत एक तृतीयांश शेफ व रेस्टॉरंटमालक, एक तृतीयांश खाद्यविषयक लेखक आणि उरलेले भरपूर फिरणारे खवय्ये. मत देण्यासाठी त्या ठिकाणी मागील १८ महिन्यांत जेवलेले असावे, अशी अट आहे. परंतु जेवल्याची पावती मागितली जात नाही आणि बिल स्वतः भरले की यजमानाने माफ केले, याचीही चौकशी होत नाही. मतदानाची तपासणी डेलॉइटसारखी नामांकित संस्था करते, हे मान्य. पण बेरीज बरोबर असणे वेगळे आणि मूळ नोंद खरी असणे वेगळे, हे आमच्याकडे नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात सांगितले जाई.

याहून मोठी अडचण तुलनेची आहे. आमच्या वसाहतीतील थालीपीठ स्पर्धेला मी एकदा परीक्षक होतो. बावीस थालीपिठे होती; दहाव्या-अकराव्या घासानंतर जिभेला तिखटापलीकडे काही कळेनासे झाले आणि शेवटच्या ताटांतले लोणी तर पार विरघळून गेले होते. निकालावर अर्थातच कुरबूर झाली. तरीही आम्हा तिघा परीक्षकांनी बावीसही थालीपिठे चाखली होती. या जागतिक यादीत पन्नासही ठिकाणी जेवून मग क्रम लावणारा परीक्षक मुळात नसतोच. प्रत्येकाने आपापल्या पसंतीची मोजकी नावे द्यायची आणि त्यांची गोळाबेरीज करायची, अशी ही पद्धत असल्याने जिथे मतदारांचे पाऊल अधिक पडते ते रेस्टॉरंट वर सरकणार आणि आडवाटेचे तितकेच सरस रेस्टॉरंट खाली राहणार, हे उघड आहे.

नियमांचीही एक गंमत आहे. २०१९पासून पूर्वी पहिल्या आलेल्या रेस्टॉरंटांना यादीतून वगळले जाते. म्हणजे ‘जगात पहिले’ याचा अर्थ ‘आजवर पहिले न आलेल्यांत पहिले’ एवढाच उरतो. त्यातही कोपनहेगनचे ‘नोमा’ तोपर्यंत चार वेळा पहिले आले असताना, नव्या जागेत गेल्यामुळे ते नवे धरले गेले आणि २०२१ साली पुन्हा पहिले आले!

रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या ‘मिशेलिन’ या फ्रेंच मार्गदर्शिकेची तारांकने याहून निर्दोष आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. तेथील निरीक्षक ओळख लपवून जेवतात, बिल भरतात आणि पहिला-दुसरा असा क्रम लावत नाहीत, एवढे श्रेय त्यांना द्यावे लागेल. परंतु बँकॉकची मार्गदर्शिका थायलंडच्या पर्यटन प्राधिकरणाशी झालेल्या आर्थिक करारानंतर निघाली, आणि भारतासाठी मिशेलिनची मार्गदर्शिका अजून नाहीच. पन्नासांच्या यादीने निदान लिमासारख्या शहराकडे जगाचे लक्ष वेधले आणि तिच्या आशियाई आवृत्तीमुळे मुंबईच्या ‘मास्क’ या रेस्टॉरंटचे नाव बाहेर पोहोचले. म्हणून यादी बंद व्हावी असे मला वाटत नाही.

विनंती एवढीच की, पुढील वर्षी ही बातमी देताना मतदार किती, ते कोण, पावतीची अट आहे की नाही आणि कोणाला वगळले आहे, हे चार ओळींच्या चौकटीत द्यावे. आणि मथळ्यात ‘जगातील सर्वोत्कृष्ट’ऐवजी ‘मतदारांच्या पसंतीत पहिले’ असे लिहावे. मथळा थोडा लांबेल, याची मला कल्पना आहे.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक, सांगली