सौरदिवा कुठं अडला, मंत्रिमहोदय?

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार. गेल्या 8 सप्टेंबरला, साक्षरता दिनी, आमच्या तालुक्यातल्या सभेत आपण चित्राताई नाईकांचं नाव घेतलंत. त्यांच्या नावानं गावोगावी प्रौढांचा रात्रवर्ग, वर्गाला खोली आणि सौरदिवा, तोही तीन महिन्यांत, असं आपण बोललात. टाळ्या आम्हीच वाजवल्या. परवा वायरमन आला आणि आमचा वर्ग भरतो त्या समाजमंदिराची वीज तोडून गेला. थकबाकी 4,860 रुपये. तेव्हा एक आजी 'ज' गिरवत होत्या. अक्षर अर्धंच राहिलं.

चित्राताई कोण होत्या, हे तुमचं भाषण लिहून देणाऱ्याला तरी ठाऊक असावं. 1918 चा जन्म. पती, शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांसोबत भारतीय शिक्षण संस्थेचं पुण्यातलं काम उभं केलं, नियोजन आयोगावर गेल्या, 1986 ला पद्मश्री मिळाली. पण मला मोठं वाटतं ते वेगळंच. दिवसभर गुरं राखणाऱ्या, धाकटी भावंडं सांभाळणाऱ्या पोरींसाठी त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत संध्याकाळचे वर्ग चालवले. शाळेची वेळ शिकणाऱ्यानं ठरवायची, एवढी साधी गोष्ट. तुमच्या खात्याला ती अजून कळलेली नाही. आमच्या बायका कापूस वेचून सातला घरी येतात आणि तुमचे अधिकारी सकाळी अकराला वर्गाची तपासणी करायला येतात! वर विचारतात, "विद्यार्थी कुठायत?"

मी हे काम 1990 पासून करते. साक्षरता अभियान झालं, साक्षर भारत झालं, आता नवभारत. पाटी तीच, नाव तेवढं पुसून नवं लिहायचं. साक्षर भारतात मी प्रेरक, म्हणजे गावच्या साक्षरता केंद्राची कार्यकर्ती होते, महिना 2000 रुपये. 2018 च्या मार्चमध्ये योजना गुंडाळली तेव्हा माझे चौदा महिन्यांचे पैसे बाकी होते. चौदा की पंधरा, वही उंदरानं खाल्ली. अर्ज मात्र सत्तावीस केले. त्यातल्या एका खेपेला एस.टी.तून उतरताना पाय मोडला, त्यात मंगळसूत्रातले दोन मणी गेले. आता नव्या योजनेत आम्ही 'स्वयंसेवक', म्हणजे पैशाचा विषयच मिटला.

आकडे तुम्हाला आवडतात म्हणून सांगते. नवभारत साक्षरतेला पाच वर्षांसाठी 1037.90 कोटी आणि लक्ष्य 5 कोटी माणसं. भागाकार करा. माणशी दोनशे सात रुपये आणि वर चिल्लर. पाच वर्षांत! एवढ्यात तुमच्या सभेतला एक हारसुद्धा येत नसेल. 2011 च्या जनगणनेत राज्यातल्या बायकांची साक्षरता 75.87 टक्के होती, म्हणजे चौघींतली एक बाहेरच. ती चौथी नेमकी माझ्या वर्गात येते.

वर्गातल्याच दुसऱ्या एक आजी साक्षरतेची 150 गुणांची परीक्षा पास झाल्या. प्रमाणपत्र घेऊन बँकेत गेल्या, पेन मागितलं. कारकुनानं वर न बघता शाईचा पॅड सरकवला. शिकवायचं आम्ही, शिकायचं त्यांनी आणि सरकारी टेबलाला अंगठाच सोयीचा.

मागणं एवढंच: थकबाकी भरा, दिवा द्या, वर्गाची वेळ बायकांना ठरवू द्या. माझे पैसे राहू द्यात. ते मी केव्हाच सोडले. (सोडलेले नाहीत.)

सोबत वर्गातल्या सतरा बायकांचा अर्ज जोडला आहे. सोळा सह्या आहेत. सतराव्या त्या बँकेत गेलेल्या आजी, त्यांनी हट्टानं अंगठा लावलाय. म्हणाल्या, "सायब वाचणारच न्हाईत, मंग सही कामून करू?"

पोच द्यावी.

आपली,
एक स्वयंसेविका, जालना जिल्हा