जंताचा डोस पाजण्याआधी शेण तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग जवळ आला की गावोगावी जंतनिर्मूलनाची शिबिरे होतात आणि आपल्या सोलापूरच्या पानावर त्यांचे फोटोही येतात. शिबिरांना माझा विरोध नाही. पण मारुतीच्या पारासमोर जनावरे उभी करायची, म्हातारी गाय असो की सहा महिन्यांची कालवड, एकाच बाटलीतले औषध अंदाजाने पाजायचे आणि रजिस्टरात आकडा चढवायचा, या रिवाजाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात माळ असा तापतो की उघड्यावरच्या बहुतेक अळ्या मरून जातात. तेव्हा जंत उरतात ते मुख्यतः जनावरांच्या पोटात. त्यामुळे मे-जूनचा डोस अगदीच वाया जातो असे नाही, पण वासरांना खरा मार बसतो तो त्यानंतर. शेणातल्या अंड्यांतून अळ्या निघतात, ओल आणि ऊब मिळाली की आठवड्या-दोन आठवड्यांत गवतावर चढतात, चरताना पोटात जातात आणि साधारण तीन आठवड्यांत त्यांचे अंडी घालणारे जंत होतात. जूनमध्ये औषध पाजलेली कालवड जुलैत गायरानात चरली की पुन्हा जिथल्या तिथे. त्यात सोलापूरचा पाऊस लहरी. सुरुवातीच्या सरी, मग लांबलेली उघडीप आणि जोर सप्टेंबरात. उघडिपीत शेणाचा पो वरून वाळतो, खपली धरते, पण आत ओल टिकते आणि अळ्या तिथे दबा धरून राहतात. उत्तरा-हस्ताचा पाऊस ती खपली भिजवून फोडतो. म्हणूनच दसरा-दिवाळीला रान हिरवेगार असूनही वासरे खंगलेली दिसतात: केस राठ, पोट सुटलेले, शेपटी शेणाने बरबटलेली, कधी जबड्याखाली पाणी उतरलेले. मालक पेंड वाढवतो. ती पेंड कोणाच्या पोटी जाते हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा पाऊस लागून महिनाभर झाल्यावर आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात चरणाऱ्या वासरांकडे पाहिले पाहिजे. वासरांकडे, सगळ्या दावणीकडे नव्हे. चरून चरून मोठ्या गायी-बैलांच्या अंगात जंतांविरुद्ध बरीच ताकद आलेली असते. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातल्या जनावरांत ती नसते. सरसकट पाजण्याने आणखी एक नुकसान होते. औषधाला दाद न देणारे थोडे जंत कळपात असू शकतात. माळावर अळ्या जवळजवळ नसताना झाडून सगळ्या जनावरांना औषध दिले, तर मागे उरतात ते नेमके हेच चिवट जंत, आणि पावसाळ्यात सगळी पैदास त्यांचीच होते. धडधाकट मोठ्या गायींना वगळले, तर त्यांच्या शेणातून साध्या जंतांची अंडी पडत राहतात आणि एकूण जंतांत चिवटांचे प्रमाण कमी राहते. सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांना हे समजावावे लागणार नाही. एकच फवारणी सारखी मारल्यावर काय होते ते त्यांनी पाहिले आहे. शिवाय गाभण गायीला पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल हे जंताचे औषध देऊ नये असे सांगतात. पारासमोरच्या गर्दीत हे विचारतो कोण?

डोस कमी पडला तरी हेच चिवट जंत माजतात, आणि नजरेने वजन हमखास चुकते. साधा शिंप्याचा टेप पुरतो. छातीचा घेर इंचांत, घेराला घेरानेच गुणायचे, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणायचे आणि 660 ने भागायचे. 40 इंच घेर, 36 इंच लांबी, म्हणजे वासरू साधारण 87 किलोचे. अल्बेंडाझोल किलोमागे 7.5 मिलिग्रॅम धरले तर 2.5 टक्क्यांचे औषध 26 मिली लागते. याच वासराला 15 मिली पाजून परत पाठवले, तर ते न पाजलेले बरे. औषध कोणते हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावे.

तान्ह्या पारडांची गोष्ट निराळी. त्यांना गोलजंत आईच्या दुधातूनच येतात, गवताचा संबंध नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच औषध लागते, शिबिराची वाट पाहून चालत नाही. पंढरपुरी म्हशीच्या रेडकाकडे एवढे लक्ष कोण देतो, हा प्रश्न आहेच.

माझे मुख्य मागणे शेणतपासणीचे आहे. सूक्ष्मदर्शक, मिठाचे संपृक्त द्रावण आणि अंडी मोजायची काचपट्टी एवढ्यावर काम होते. मिठाच्या पाण्यात गोल जंतांची अंडी वर तरंगतात. गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या, पानासारख्या चपट्या कृमींची जड अंडी तळाशी बसतात, ती वेगळी पाहावी लागतात. उजनीच्या काठची आणि कालव्याकडेची जनावरे गोगलगायींच्या पाणथळीत चरतात, तिथे हे तळाचे पाहणे टाळून चालणार नाही. हगवणीत रक्त दिसत असेल तर रोग कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचाही असू शकतो, आणि जंताच्या औषधाने तो हटत नाही. हे सगळे शेण सांगते. पण आमच्याकडच्या दवाखान्यात शेण घेऊन गेले की उत्तर मिळते, ‘कशाला, डोस घेऊन जा.’

पशुपालकांनीही थोडे करावे. शेण जमिनीवरचे नको. ताजे, वासराच्या गुदद्वारातूनच काढलेले, डबीवर वासराची खूण लिहून, ऊन न लागू देता त्याच दिवशी पोचवावे. बाजारातून आणलेले वासरू औषध देऊन चार दिवस वेगळे बांधावे, मगच गायरानात सोडावे.

जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने यंदाच्या शिबिरांत एवढे तरी करून पाहावे: प्रत्येक गावातल्या दहा-बारा वासरांचे शेण औषधाआधी आणि पुन्हा चौदाव्या दिवशी तपासावे. अंडी 95 टक्क्यांनी घटली नाहीत, तर एक तर डोस कमी पडला किंवा ते औषध त्या गावात चालेनासे झाले आहे. दोन्ही आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत आणि पुढच्या वर्षीची औषधखरेदी ते पाहून करावी.

आपला,
एक पशुपालक, मंगळवेढा तालुका